आठ बाय आठची बाराखडी

सुंदराबाई वाडिले यांच्यासमोर 'जमणार नाही' असं म्हणायचं नसतं. सुरतेच्या डिंडोलीतल्या त्यांच्या गल्लीला हे ठाऊक आहे. भाजीवाल्याला ठाऊक आहे, नळ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला ठाऊक आहे, आणि मुलगा संदीप तर लहानपणापासून शिकून बसला आहे. सून हर्षदा हुशार, पण तिला या घरात येऊन तीनच वर्षं झालेली. दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती बोलून गेली, आणि पुढे उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, त्या घरात कुणाला घडीभर चैन पडलं नाही.

विषय होता हिलालनानांचा. नाना म्हणजे सुंदराबाईंचे यजमान, वय एकाहत्तर. चैत्रात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून ते घरी आले ते उजवा हात, उजवा पाय आणि वाचा तिथेच ठेवून. बुद्धी मात्र शाबूत होती. बातम्या लागल्या की त्यांना कळत, कुणी संदीपची चेष्टा केली की ते डाव्या गालाने हसत. जीभ तेवढी वळत नव्हती. डावा हात चालत होता, पण तोही म्हाताऱ्या माणसाचा, थरथरणारा.

या डाव्या हाताने नाना काहीतरी सांगत. हात उचलायचे, बोट समोर धरायचे आणि मग हात धपकन खाली टाकायचे. तोंडातून एक घोगरा आवाज. बोट कधी पाण्याच्या माठाकडे असायचं, कधी कपाटाकडे, कधी दाराकडे, कधी ओट्याकडे. सुंदराबाई धावायच्या. "काय जोयजे? पानी?" पाणी आलं की नाना मान हलवायचे. मग गोळी, मग चादर, मग पंखा कमी, पंखा जास्त, मग खाटेखाली काही पडलंय का ते वाकून बघणं. एकदा त्यांनी अख्खं कपाट रिकामं करून एकेक वस्तू नानांसमोर धरली. नानांनी शेवटी डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या कानाच्या पाळीपर्यंत पाणी ओघळलं. सुंदराबाईंना तो दिवस अजून आठवतो.

श्रावणात हे दिवसातून दहा-दहा वेळा चालायचं. दसऱ्याला पाच-सहा वेळा. दिवाळीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, उभ्या दिवसात एकदाच. सुंदराबाई मोजत होत्या. बाकीच्यांना वाटलं, नाना आता शांत झाले. सुंदराबाईंना वाटलं, हा माणूस सांगायचं सोडून देतोय, आणि त्याने ते एकदा सोडलं की काय सांगायचं होतं ते जन्मात कळणार नाही. त्या घाबरल्या. आणि घाबरल्या की त्या रडत नाहीत, कामाला लागतात.

तोवर सगळे उपाय करून झाले होते. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. हर्षदाने पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून दिली, पण थरथरणारं बोट एका वेळी तीन अक्षरांवर फिरायचं. फोनवर तर एका 'क'चे अकरा 'क' उमटले आणि नानांनी फोन भिंतीवर फेकला. हर्षदा साड्यांच्या प्रिंटचं डिझाइन करते, दिवसभर कॉम्प्युटरवरच असते. तिने ऑफिसमधून मागून एक लॅपटॉप आणला. नानांनी त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"मम्मी," हर्षदा दमून तिच्या सुरती मिसळीत म्हणाली, "मैंने सगळं करून पाहिलं. पप्पाला आता लिहायचं नाही जमणार. रहेवा दो ने."

सुंदराबाईंच्या डाव्या भुवईवरची शीर उभी राहिली.

"कसं जमाव नही?" त्या म्हणाल्या. "शिडी आन."

*

माळ्यावर काय होतं हे सांगायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागेल. खानदेशातल्या शिंदखेड्याकडचं हे जोडपं सुरतेला आलं तेव्हा नानांना एका मराठी शाळेत शिपायाची नोकरी लागली. १९८६ साली त्या शाळेत एक विलायती कॉम्प्युटर आला. आताच्यासारखा नव्हे. जाडजूड कळफलक, त्याच्याच पोटात सगळं यंत्र. पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम भरायला टेपरेकॉर्डर लावायचा. गाण्याच्या कॅसेटसारख्याच कॅसेटमधून किर्रर्र आवाज करत प्रोग्राम आत जायचा. गणिताचे काशिनाथ सर तो शिकवायचे, पण तो कपाटातून काढणं, वायरी जोडणं, कॅसेट लावणं आणि तास संपला की फडक्याने पुसून ठेवणं हे नानांचं काम. नानांना इंग्रजी येत नव्हतं. तरी 'लोड' ही चार अक्षरं ते न बघता दाबायचे, आणि पोरं गप्प होऊन बघत राहायची. अठरा वर्षांनी शाळेने तो भंगारात काढला तेव्हा नानांनी हेडमास्तरांना विचारून तो टेपरेकॉर्डरसकट सायकलवर बांधून घरी आणला. वर्षातून एकदा ते माळ्यावर चढून त्याची धूळ झटकत. घरात त्याला 'पप्पाचं डबडं' म्हणत.

ते डबडं खाली आलं. सुंदराबाईंनी प्लास्टिक सोडलं आणि यंत्र नानांच्या खाटेवर, त्यांच्या मांडीजवळ ठेवलं. नानांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग डावा हात उचलून त्यांनी कळांवरून फिरवला. चैत्रानंतर पहिल्यांदा त्यांनी एखाद्या वस्तूला स्वतःहून हात लावला होता.

पण डबडं चालू करायचं म्हणजे खेळ नव्हता. पहिल्याच दिवशी बटण दाबल्यावर त्यातून पांढरा धूर आला आणि घरभर जळक्या माशासारखा वास सुटला. हर्षदाने खिडक्या उघडल्या आणि 'मी म्हटलं होतं' म्हणायचं टाळलं, हे तिचं शहाणपण. सुंदराबाईंनी यंत्र आणि टेपरेकॉर्डर टॉवेलमध्ये गुंडाळलं, रिक्षात घातलं आणि बमरोलीला मगनभाईकडे नेलं. मगनभाई मागाचे इलेक्ट्रॉनिक पॅनल दुरुस्त करतो. त्याने झाकण उघडलं आणि हसायलाच लागला.

"मासी, आ तो मारा जनम पहेलानुं छे!"

"जन्माआधीचं आहे तर मोठ्यांचा मान ठेव आणि कर नीट," सुंदराबाई म्हणाल्या, आणि तिथल्याच स्टुलावर पाय रोवून उभ्या राहिल्या. म्हणजे स्टुलावर नव्हे, स्टुलाजवळ. मगनभाईने दोनदा बसायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. फुगून फुटलेले दोन भाग बदलून झाले, टेपरेकॉर्डरचा विरघळलेला पट्टा काढून शिलाई मशीनचा बारीक पट्टा बसवून झाला, तेव्हाच त्या हलल्या.

संध्याकाळी जुना टीव्ही जोडला. काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर उमटलं आणि त्याच्या शेजारी एक छोटी रेघ लुकलुकायला लागली. नाना उशीला टेकून बसले होते. त्यांनी हात पुढे केला. बोट थरथरत एका कळेवर गेलं, शेजारच्या दोन कळाही दबल्या. त्यांनी पुसलं. पुन्हा दाबलं. पुन्हा पुसलं. पाचव्या खेपेला पडद्यावर इंग्रजी चार अक्षरं उभी राहिली. 'लोड.' हर्षदा दारात उभी होती. तिने तोंडावर हात धरला.

सुंदराबाईंना एवढं पुरलं. कळ दबते, बोटाला जागा कळते, हट्टाने का होईना पण अक्षर उमटतं. आता अडचण एवढीच की यंत्राला मराठी येत नव्हतं आणि नानांना इंग्रजी.

*

काशिनाथ सर भेस्तानला राहतात. मूळचे अमरावतीकडचे, वय चौऱ्याहत्तर, आणि अजूनही इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय दार उघडत नाहीत. त्यांच्याकडे जुन्या कॅसेटींचा खोका होता आणि त्यात एक 'एडिटर' होता, म्हणजे लिहायचा प्रोग्राम. टाइप करा, पुसा, मधे शब्द घाला, कॅसेटवर साठवून ठेवा.

"पण वहिनी, ह्याच्यात मराठी कुठून आणता?" सर म्हणाले. "एकेक अक्षर आपल्याला घडवावं लागते. आठ बाय आठच्या चौकटीत. कोणता ठिपका पेटवायचा, कोणता नाही, हे आडव्या ओळीप्रमाणे आकडा करून यंत्राला सांगायचं. पन्नास-पंचावन्न अक्षरं. माझ्यानं काही होत नाही जी आता. डोळे गेले."

"ग्राफच्या कागदावर?" सुंदराबाईंनी विचारलं.

"हो, तसंच समजा."

"भरलेली चौकट म्हंजे भोक. रिकामी म्हंजे भोक नही."

सरांनी चष्मा वर केला. शिपायाच्या बायकोला हे कुठून कळलं, असा त्यांचा चेहरा झाला. त्यांना माहीतच नव्हतं की या बाईने बमरोलीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. नक्षीचं कापड विणायला मागावर जेकार्ड बसवतात आणि त्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. त्या पट्ट्यांना पत्ते म्हणतात. पत्त्यात भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि त्यातून कोयरी, मोर, वेल काय हवं ते कापडावर उतरतं. ग्राफच्या कागदावर रंगवलेली नक्षी ओळ-ओळ वाचायची आणि पायाने दाबायच्या यंत्रावर एकेक पत्ता पाडायचा, हे सुंदराबाईंचं काम. एका साडीच्या काठाला दोन-दोन हजार पत्ते. चूक एक झाली तर मोराला चोच येत नाही. पुढे तेही काम कॉम्प्युटरवर गेलं आणि एका दुपारी सुंदराबाईंना घरी पाठवलं. कॉम्प्युटर या जातीवर त्यांचा तेव्हापासून थोडा राग होता.

"अक्षरं मी काढते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाकीचं बघा."

सरांनी त्यांना आकडे समजावले. डावीकडून पहिल्या चौकटीची किंमत एकशे अठ्ठावीस, दुसरीची चौसष्ट, मग निम्मी निम्मी करत शेवटची एक. ओळीत भरलेल्या चौकटींची बेरीज करायची. अख्खी ओळ भरली तर दोनशे पंचावन्न. सुंदराबाई सातवी शिकलेल्या, पण बेरजेला त्यांना कागद लागत नाही.

मग त्या घराचा कारखाना झाला. ओट्यावर, खाटेवर, फ्रीजवर ग्राफच्या वह्या. एका हाताने कणीक मळायची आणि दुसऱ्याने 'ह' काढायचा, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. 'ग' आणि 'त' एका बैठकीत झाले. 'ह'ने तीन दिवस खाल्ले. आठ चौकटींत 'ह'चं शेपूट मावेना. 'ज्ञ'ला त्यांनी सरळ निरोप दिला. वेलांट्या, उकार, मात्रा अक्षराच्या डोक्यावर-पायाखाली बसेनात, म्हणून सरांनी त्यांना वेगळी चौकट देऊन शेजारी उभं केलं. वाचायला जरा विचित्र, पण वाचता येईल असं. प्रत्येक अक्षराची वरची ओळ पूर्ण भरायची, म्हणजे शेजारी शेजारी ठेवली की शिरोरेघ आपोआप जुळते, ही युक्ती सुंदराबाईंची. काठावरची वेल पुढच्या वेलीला अशीच जोडतात.

या काळात नाना खाटेवरून सगळं बघत असत. मधूनच हात उचलत, बोट धरत, हात टाकत. "थांबा जरा," सुंदराबाई ग्राफवरून मान न उचलता म्हणत, "लिखीच दाखाडा आते. चार दिन." आणि तेवढ्यात आठवण येऊन उठत, त्यांना पाणी पाजत, पाठीला उशी लावत आणि पुन्हा वही उचलत. डिसेंबर संपला तेव्हा नानांचं बोट दिवसाआड एकदा उठू लागलं होतं. सुंदराबाईंनी वेग वाढवला.

*

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सर घरी आले. त्यांनी आधी अक्षरांचे सगळे आकडे यंत्रात भरले, मग कॅसेटवरून एडिटर चढवला. टेपचा आवाज मोठा ठेवला तर यंत्र रुसायचं, बारीक ठेवला तरी रुसायचं. चौथ्या खेपेला गाडी रुळावर आली. आणि बघतात तर एडिटरने आत येता येता सगळी अक्षरं पुसून टाकलेली. एडिटर आणि अक्षरं, दोघांनी मेमरीतल्या एकाच जागेवर हक्क सांगितला होता. सरांनी कपाळाला हात लावला, पण दुपारपर्यंत अक्षरांना मेमरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवून त्यांनी तो तंटा मिटवला.

मग त्यांनी 'क'ची कळ दाबली.

पडद्यावर जे आलं त्याला क म्हणणं अवघड होतं. सरांनी 'म' दाबला, 'न' दाबला, 'र' दाबला. एकही ओळखू येईना. हर्षदाने मान तिरकी करून पाहिली आणि सासूकडे बघायचं टाळलं. सर घामाघूम झाले. "प्रोग्राममध्येच चूक आहे माझ्या," ते म्हणाले. "म्हातारपण, दुसरं काय." ते यादी तपासत बसले. रविवार गेला. सोमवारीही ते आले आणि ओळीमागून ओळ तपासत राहिले. संध्याकाळी निघताना त्यांचा आवाज पडला होता. "वहिनी, आपण ताकदीबाहेरचं करून राहिलो असं वाटते मला."

सुंदराबाई टीव्हीसमोर उभ्या राहून त्या अक्षरांकडे बघत होत्या. खाली आडवी रेघ, वर काहीतरी वळलेलं. मागावर नव्या नक्षीचं कापड पहिल्यांदा उतरायला लागलं की त्या असंच बघत. एकदम त्यांनी स्वतःच्याच कपाळावर थाप मारली.

"सर, मशीन बराबर से! तुमनं बी बराबर से. मी मागवर उभी राह्यनू ना!"

झालं असं होतं की मागावर कापड खालून वर विणलं जातं. पहिला आडवा धागा सगळ्यात खाली, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. म्हणून जेकार्डचा ग्राफही तळाच्या ओळीपासून वाचतात. अठ्ठावीस वर्षं सुंदराबाईंनी एकही ग्राफ वरून वाचला नव्हता. आताही प्रत्येक अक्षराचे आठ आकडे त्यांनी इमानदारीने तळापासून लिहून दिले होते, आणि यंत्राने ते इमानदारीने वरून मांडले. सगळी बाराखडी डोक्यावर उभी राहिली होती.

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आठही आकडे उलटे वाचायचे, एवढी एकच ओळ प्रोग्राममध्ये बदलायची होती. त्यांनी ती उभ्या उभ्या बदलली. पडद्यावर 'क' आला. ओबडधोबड, पायऱ्या-पायऱ्यांचा, पण क. सुंदराबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "ल जरा जाड झाला आहे. ल पुन्हा काढते."

बाकीची जुळवाजुळव त्यांनी सरांकडून करून घेतली, आणि ही सगळी त्यांची मागणी. अक्षरं एवढी मोठी हवीत की एका ओळीत वीसच मावतील. कळ दाबून धरली तरी अक्षर एकदाच उमटलं पाहिजे. नानांना एकच हात, म्हणून दोन कळा एकदम दाबायची वेळ येऊ नये, आधी एक दाबायची, सोडायची, मग दुसरी. काळ्यावर पिवळी अक्षरं, कारण नानांना पांढरं टोचतं. आणि पुसायची कळ इतकी लांब ठेवायची की थरथरीत चुकून लागू नये. सरांनी प्रत्येक मागणीला आधी 'होत नाही' म्हटलं आणि मग ती केली. दोन महिन्यांत त्यांनाही सुंदराबाईंची सवय झाली होती.

एक काम मात्र सुंदराबाईंनी कुणाला सांगितलं नाही. बोट एका कळेवर नेताना शेजारच्या दबतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून सलत होतं. बमरोलीच्या कारखान्यात अजून एक जुनं पंचिंग यंत्र कोपऱ्यात पडून होतं. तिथे जाऊन त्यांनी जाड पुठ्ठा घेतला आणि कळफलकाच्या मापाने त्याला भोकं पाडली, प्रत्येक कळेवर एक. बोट मावेल एवढी, दुसरी कळ लागणार नाही एवढी. भोकांच्या बाजूला शाईने अक्षरं लिहिली. हा पत्ता कळफलकावर ठेवला की थरथरणारं बोट पुठ्ठ्यावर टेकायचं, सरकत सरकत हव्या त्या भोकात पडायचं आणि खालची कळ दाबायचं. पुठ्ठा घेऊन त्या निघाल्या तेव्हा कारखान्यातल्या नव्या पोरींनी विचारलं, "मावशी, ही कसली नक्षी?" त्या म्हणाल्या, "घरची."

*

उत्तरायणाच्या दिवशी सगळी गल्ली गच्चीवर होती. संदीपही पतंग घेऊन वर गेला. खाली तीनच माणसं. नाना उशांना टेकून बसलेले, हर्षदा ओट्याजवळ, आणि सुंदराबाई एकाच वेळी सगळीकडे. कुकर लावला, वायर तपासली, कॅसेट भरली, नानांच्या गळ्याजवळचा रुमाल सारखा केला, पुठ्ठा कळांवर बसवला. पडदा पिवळा लुकलुकला.

"लिखा आते," त्या म्हणाल्या. "काय जोयजे ते लिखा. मी से आठेच, कोठे जात नही."

नानांचं बोट पुठ्ठ्यावर टेकलं. सरकलं. थांबलं. भोकात पडलं. 'प'. मग काना. बोट पुन्हा निघालं. एका एका अक्षराला दीड-दोन मिनिटं लागत होती. गच्चीवरून कापलेल्या पतंगामागे 'काय्पो छे'चा गलका आला तरी नानांची नजर पडद्यावरून हलली नाही. 'न'. वेलांटी.

पानी.

"पानी!" सुंदराबाई ओरडल्या आणि माठाकडे धावल्या. नऊ महिने! नऊ महिने पाणीच मागत होता का हा माणूस, आणि देऊनही मान का हलवायचा? थंड हवं होतं का? की कोमट? तांब्या भरून त्या परत आल्या तोवर नानांचं बोट पुढे गेलं होतं.

पानी नको.

"नको?" त्या तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या. बोट चालतच होतं. नानांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. 'ग', काना, मात्रा, 'य', वेलांटी.

गोयी.

"गोळी राह्यनी व माय सकाळनी!" तांब्या फ्रीजवर ठेवून त्या कपाटाकडे वळल्या, डबा उघडला, मंगळवारच्या कप्प्यात बघितलं. सकाळची गोळी तर दिलेली होती. त्या वळल्या तेव्हा हर्षदा पडद्याजवळ उभी होती आणि तिचा चेहरा निराळाच झाला होता.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "आप इधर आओ. नुसतं बघा."

गोयी नको.

सुंदराबाई आल्या. हातात गोळ्यांचा डबा होता. नाना दमले होते. बोट पुठ्ठ्यावर पडून राहिलं होतं, आणि एक क्षण सुंदराबाईंना वाटलं, एवढंच, आता पुढे होणार नाही. मग ते पुन्हा सरकायला लागलं. अक्षरं एकेक करून येत गेली आणि खालच्या ओळीत जाऊन बसली.

तू बठ मनाजोडे.

सुंदराबाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याजवळ बस. मग त्यांनी माठाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, दाराकडे, ओट्याकडे. चैत्रापासून नानांचं बोट ज्या ज्या गोष्टींकडे गेलं होतं त्या सगळ्या तिथेच होत्या, आणि त्या प्रत्येक गोष्टीपाशी त्या वेळी त्या स्वतः उभ्या होत्या. बोट माठाकडे नव्हतंच. माठापाशी उभ्या असलेल्या बाईकडे होतं. नाना बोट दाखवायचे आणि हात खाली टाकायचे, आणि त्यांनी बोट दाखवलं की त्या अजून धावायच्या.

गोळ्यांचा डबा हर्षदाने त्यांच्या हातातून काढून घेतला. सुंदराबाई खाटेच्या कडेला टेकल्या, उठायला बरं पडेल अशा. नानांनी डावा हात उचलला, त्यांच्याकडे बोट केलं आणि हात खाली टाकला. त्या आत सरकल्या, पाय वर घेतले आणि नानांच्या खांद्याला खांदा लावून भिंतीला टेकल्या. नानांनी हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. तो तिथेही थरथरत होता.

"पप्पा, अजून काही लिहायचंय?" हर्षदाने विचारलं. नानांनी मान हलवली. नाही.

ओट्यावर कुकरची शिटी झाली. सुंदराबाईंचं अंग सवयीने उचललं गेलं, पाय खाली आला. गुडघ्यावरचा हात हलला नाही. त्यांनी पाय पुन्हा वर घेतला.

"हर्षदा," त्या म्हणाल्या, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस तूच बंद कर."